आधी कढई, मग शेड

भंडाऱ्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात ठाणा पेट्रोलपंप आणि त्याला लागून जवाहरनगर येतं. 1960च्या दशकात इथे आयुध निर्माणी उभी राहिली आणि तिच्यासोबत ही वसाहत. आत आखीव रस्ते, क्वार्टर्स, देशभरातून नोकरीला आलेली माणसं. कुंपणाबाहेर पडलं की लगेच धानाच्या बांध्या. दिवाळीच्या आसपास धान कापून होतं, पुंजणे लागतात, चुरणं आटोपतं आणि मागे उरतं तणस, म्हणजे भाताचा पेंढा. कुणी त्याची गंजी लावतं, कुणी गुरांसाठी ठेवतं. हार्वेस्टर फिरलेल्या बांधीत ते तसंच विखरून पडतं आणि पुष्कळदा त्याला काडी लागते.

याच तणसावर तीन आठवड्यांत एक भाजी येते. तिचा रंग तलावाच्या पाळीवर फुललेल्या बेशरमाच्या फुलाचा. ही गुलाबी धिंगरी, म्हणजे गुलाबी ऑयस्टर मशरूम. पंख्यासारख्या पाकळ्या एकीवर एक चढलेल्या, कडा किंचित मुडपलेल्या, खालच्या बाजूला बारीक पडदे. प्लास्टिकच्या पिशवीला पाडलेल्या भोकातून असा गुच्छ बाहेर आला की बघणारा आधी मोबाइल काढतो. मग भाव विचारतो. मग जो प्रश्न विचारतो, त्यातच सगळी अडचण आहे: “हे करायचं कसं?”

महाराष्ट्रात अळिंबी, म्हणजे मशरूम, गेली कित्येक वर्षं जोडधंदा म्हणून शिकवली जाते. तणस किती तासांनी काढायचं, स्पॉन म्हणजे अळिंबीचं बियाणं किती टाकायचं, आर्द्रता किती ठेवायची, प्रकल्प अहवाल कसा करायचा, कर्ज कुठे मिळतं, हे सगळं शिकवतात. प्रमाणपत्र मिळतं, फोटो निघतो. पण बहुतेक प्रशिक्षणांत गॅसची शेगडी नसते. पंचवीस बायका अळिंबी पिकवायला शिकून घरी जातात आणि त्यांतल्या बऱ्याच जणींनी ती कधी चाखलेली नसते. पहिली तोडणी होते, माल बाजारात जातो, गिऱ्हाईकही तोच प्रश्न विचारतं आणि विकणारीला उत्तर येत नाही. दोन हंगामांत शेड बंद पडते आणि खापर ‘मार्केट नाही’ यावर फुटतं. मार्केट नाही हे खरंच. पण ते कढईत तयार होतं, हे कुणी ध्यानात घेत नाही.

झाडीपट्टीला, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भाला, अळिंबी परकी आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. मृग बरसून गेला आणि आभाळ गच्च राहिलं की रानात सात्या निघतात. कुठे त्यांना टेकोडे म्हणतात. पहाटे उठून बायाबापड्या वारुळांच्या आसपास शोधतात, पळसाच्या पानात बांधून रस्त्याच्या कडेला बसतात आणि दुपारपर्यंत माल संपतो. त्या वेळी ‘करायचं कसं’ असं कुणी विचारत नाही. कांदा, लसूण, हळद, तिखट, थोडं तेल. सात्यांना स्वतःचंच पाणी सुटतं, त्यातच त्या शिजतात. भाव मटणाशी बरोबरी करतो आणि तरी हात आखडत नाही, कारण ती चव आजीच्या हातून जिभेला लागलेली असते.

या सात्या शेडमध्ये येत नाहीत. त्यांची शेती वाळवी करते. वारुळाच्या पोटात वाळवी चावलेल्या लाकडा-पाल्याचे स्पंजासारखे थर रचते, त्यांवर बुरशी वाढवते आणि पावसात त्या बुरशीची छत्री जमीन फोडून वर येते. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 मध्ये या वंशाला नाव दिलं, ‘टर्मिटोमायसेस’. वाळवीची ही शेती व्यापारी प्रमाणावर नीट साधणं माणसाला अजून जमलेलं नाही. तेव्हा सात्या वर्षातून काही दिवसच मिळणार, तेही रान राहिलं तर.

धिंगरीचं तसं नाही. तिला तणस पुरतं. आणि भाताच्या तणसावर धिंगरी घेण्याचा भारतातला आरंभ ठाऊक असावा असा आहे: 1962 मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, म्हणजे सीएफटीआरआयमध्ये, झाकिया बानो आणि एच. सी. श्रीवास्तव यांनी तणसावर धिंगरीची एक जात वाढवून दाखवली. शेतीच्या नव्हे, अन्नाच्या संस्थेत हे घडलं. पुढे हिमाचलातल्या सोलनला अळिंबीचं राष्ट्रीय केंद्र झालं, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात संशोधन सुरू झालं, जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आली. भंडाऱ्याचं साकोलीला आहे. विषय मात्र अन्नाकडून हळूहळू धंद्याकडे सरकत गेला.

गुलाबी धिंगरीचं शास्त्रीय नाव ‘प्लुरोटस जामोर’. त्यातला ‘जामोर’ हा शब्द मलाय-इंडोनेशियाकडचा. तिकडे ‘जामुर’ म्हणजेच अळिंबी. सतराव्या शतकात आंबोन बेटावर राहून तिथल्या वनस्पती नोंदवणाऱ्या रुम्फियसपर्यंत हे नाव मागे जातं. जपानी लोक तिला तोकी या पक्ष्याच्या रंगाची धिंगरी म्हणतात; पांढऱ्या पंखांत गुलाबी झाक असलेला तो पक्षी. थोडक्यात, ही उष्ण प्रदेशाची लेक आहे. बटण मशरूमला छत्री धरायला 14 ते 18 अंश लागतात, म्हणजे विदर्भात वातानुकूलन आलंच. गुलाबी धिंगरी पंचवीस-तीस अंशांत खूश असते, थंडीत मात्र कुढते. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा भंडाऱ्याचा दमट, चिकट काळ माणसाला नकोसा होतो. हिला तोच मानवतो. एप्रिल-मेचं ऊन मात्र तिलाही सोसत नाही. बेचाळीस-पंचेचाळीस अंशांत ओले बारदाने लावून ती तगवायच्या गप्पा कुणी मारल्या, तर ऐकून सोडून द्याव्यात.

आता कढईकडे.

पहिली गोष्ट, रंगाचा मोह सोडायचा. गुलाबी रंग कढईत टिकत नाही. तो प्रथिनाला बांधलेला असतो. उष्णतेने प्रथिन विसकटलं की रंग आधी नारिंगी होतो, मग बदामी. गुलाबी भाजीचं स्वप्न बघत घरी आलेला माणूस पाच मिनिटांत हिरमुसतो. रंगासाठी लिंबू पिळणं, बीट घालणं, अर्धकच्चं ठेवणं असले उद्योग करू नयेत. धिंगरी कच्ची खायची चीजच नाही. कच्चेपणी ती कडसर लागते आणि पोटालाही सोसत नाही. कोशिंबिरीत, सॅलडमध्ये गुलाबी पाकळी ठेवलेले फोटो छान दिसतात, तेवढंच.

दुसरी गोष्ट, पाणी. ताज्या अळिंबीत शेकडा नव्वदच्या आसपास पाणी असतं. धुवायला घेऊन बादलीत बुडवून ठेवली की आणखी पिते. घरच्या, स्वच्छ खोलीत वाढलेल्या धिंगरीला ओल्या फडक्याने पुसलं तरी पुरतं. मन मानत नसेल तर नळाखाली झरकन धरून झटकावी. बुडखा चामट असतो, तो काढून टाकायचा. बाकीची सुरीने कापण्यापेक्षा हाताने उभी फाडावी. तिचे धागे उभे असतात आणि फाडलेल्या कडेला मसाला जास्त धरतो.

मग लोखंडी तवा किंवा जाड कढई चांगली तापवायची, तेल न घालता पट्ट्या पसरायच्या, आणि गर्दी करायची नाही. दोन-तीन मिनिटांत पाणी सुटतं, चुरचुरतं, आटतं. ते आटल्यावर तेल. मीठ शेवटी. एवढा एक क्रम सांभाळला तर कडा खरपूस होतात आणि वास बदलतो. त्यात भाजलेल्या मांसाची, तळलेल्या सुकटीची आठवण करून देणारी एक झाक येते. परदेशात शाकाहारी मंडळी याच पट्ट्या मीठ-मिरी लावून कडक परततात आणि डुकराच्या मांसाच्या बेकनऐवजी खातात. आपल्याकडे त्याची गरज नाही. तवाभर पट्ट्यांवर ठेचलेला लसूण आणि भिवापुरी मिरचीचं तिखट टाकलं, बाजूला गरम भात आणि साधं वरण असलं, की झालं.

पण विदर्भात राहून सावजीचं नाव न घेणं बरं दिसत नाही. सुकं खोबरं, धणे, खसखस, लवंग, मिरी, दगडफूल भाजून वाटायचं, जवसाचं तेल सोडायचं, रस्सा दाट करायला भाजलेलं ज्वारीचं पीठ. या रश्शात पनीर टाकलं तर ते मुकं बसून राहतं, बटाटा विरघळतो. धिंगरी विरघळत नाही. अळिंबीच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात. खेकड्याची पाठ ज्याची बनते, तोच हा पदार्थ, आणि तो शिजवून गळत नाही. म्हणून वीस मिनिटं उकळा की पाऊण तास, तुकड्याला दाताखाली धर राहते. मात्र आधी तव्यावर परतून मगच रश्शात सोडावी. कच्ची सोडली तर रस्सा पांचट होतो.

इथे एक घरगुती तंटा निघतोच. अळिंबी शाकाहारी की मांसाहारी? श्रावणात चालते का? कित्येक घरांत ‘आम्ही बुरशी खात नाही’ असं ठामपणे सांगितलं जातं, आणि त्याच घरच्या गरम मसाल्यात दगडफूल असतं. दगडफूल म्हणजे फूल नव्हे. ते बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र बिऱ्हाड आहे, आणि त्यातला मोठा वाटा बुरशीचा. पाव फुगवणारं यीस्टही त्याच गोतावळ्यातलं. शास्त्राच्या हिशेबाने बुरशीचं नातं झाडांपेक्षा प्राण्यांशी जवळचं आहे, पण हे श्रावण सोमवारी सासूबाईंना सांगू नये.

दुसरा अडसर भीतीचा आहे आणि तो हसण्यावारी न्यायचा नाही. ‘भडक रंग म्हणजे विष, पांढरं म्हणजे सुरक्षित’ हा समज घरोघर आहे आणि तो उलटा धोकादायक आहे. जगातल्या सर्वांत घातक अळिंब्यांपैकी काही शुभ्र पांढऱ्या किंवा फिकट हिरवट असतात. ॲमॅनिटा वंशातल्या या जाती यकृत निकामी करतात. शिजवल्याने त्यांचं विष जात नाही. चांदीचा चमचा काळा पडणं, लसूण घालून बघणं या परीक्षांना काडीचा आधार नाही. उलट्या-जुलाब सुरू व्हायलाच सहा ते बारा तास किंवा जास्तही लागतात, तोवर विष रक्तात गेलेलं असतं. एप्रिल 2022 मध्ये आसाममध्ये रानअळिंबी खाऊन तेरा माणसं गेली. त्यांत बहुतेक चहामळ्यांतली कुटुंबं होती. आपल्या मैदानांत, हिरवळीवर पावसाळ्यात उगवणारी मोठी पांढरी छत्री, जिचे पडदे जून झाल्यावर हिरवट होतात, तीही सात्यांसारखी वाटते आणि माणसाला दवाखान्यात पोचवते. वसाहतीच्या लॉनवर उगवलेलं काहीही तोडून आणू नये. सात्या ओळखणाऱ्या जुन्या माणसाकडूनच घ्याव्यात.

याच कारणाने पिशवीत वाढवलेली गुलाबी धिंगरी भित्र्या माणसासाठी उलट चांगली. तिची जात स्पॉनच्या पाकिटावर ठरलेली असते आणि तिचा रंग दुसऱ्या कशाशी गल्लत होऊ देत नाही. जिला बघून लोक घाबरतात, तीच ओळखायला सर्वांत सोपी.

वाढवणंही अवघड नाही, फक्त शिस्तीचं आहे. पावसात न भिजलेलं, पिवळंधमक तणस दोन-तीन बोटं लांबीचं कापायचं, भिजवायचं, मग तासभर 80 अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात ठेवायचं. औषधाच्या पाण्यात बुडवायची पद्धत स्वस्त पडते, पण घरच्या ताटात जाणाऱ्या भाजीला गरम पाणीच बरं. निथळून, मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकणार नाही इतकं ओलसर झालं की पिशवीत एक थर तणस, एक थर स्पॉन. पंधरा दिवसांच्या आत पिशवी पांढरी होते, मग गुलाबी टाचण्या डोकावतात, आणि पुढे दोन-तीन दिवसांत तोडणी. एक किलो वाळल्या तणसामागे अर्धा ते पाऊण किलो ताजी धिंगरी धरावी. याहून मोठे आकडे सांगून पिशव्या विकणारे आणि ‘सगळा माल आम्ही परत घेतो’ म्हणणारे फिरत असतात, त्यांच्याशी व्यवहार करण्याआधी त्यांचे जुने शेतकरी भेटून यावेत. एक काळजी मात्र शिकवणारेही विसरतात: धिंगरी बीजाणू फार सोडते. बंद खोलीत रोज काम करणाऱ्याला खोकला, दम लागू शकतो. तोंडाला फडकं बांधावं आणि कडा सपाट व्हायच्या आत तोडावी.

‘सुपरफूड’, ‘साखरेवर रामबाण’, ‘कॅन्सरला दूर ठेवते’ असल्या पाट्याही उतरवाव्यात. ताज्या अळिंबीत प्रथिनं शंभर ग्रॅमला दोन-तीन ग्रॅम असतात. भाजी म्हणून चांगली, डाळीची जागा घेणारी नव्हे. खरी दाद द्यायची तर एका गोष्टीला द्यावी: उन्हात ठेवली की तिच्यातल्या एका घटकाचं ‘ड’ जीवनसत्त्व बनतं. विदर्भाच्या गच्चीवर उन्हाची कमतरता नाही आणि इथल्या घरांना वाळवण नवं नाही. कटकन मोडेल इतकी वाळलेली धिंगरी डब्यात महिनोन्‌महिने राहते, गरम पाण्यात पुन्हा फुगते, आणि तिची भुकटी झुणक्यात घातली तर बेसनाला वेगळीच खुमारी येते.

वाळवलेली टिकते, ताजी नाही. गुलाबी धिंगरी तोडल्यावर दीड-दोन दिवसांत सुकते, कडा तपकिरी होतात, वास मासळीकडे झुकतो. म्हणूनच मोठ्या शहरांच्या मॉलमध्ये ती क्वचित दिसते. शीतसाखळीलाही ती दाद देत नाही. व्यापाऱ्याच्या वहीत हा दोष. जवाहरनगरच्या दृष्टीने मात्र हीच तिची जमेची बाजू. बटण मशरूमचा डबा लांबून येऊन इथल्या दुकानात बसू शकतो, गुलाबी धिंगरी येऊ शकत नाही. ती इथलीच हवी, सकाळी तोडलेली, संध्याकाळी शिजलेली. तणस कुंपणाला लागून आहे, आणि कुंपणाच्या आत महिन्याच्या महिन्याला पगार होणारी, निरनिराळ्या राज्यांतल्या चवी घेऊन आलेली घरं आहेत.

त्यांत एखादं ओडिशातलं कुटुंब असेल तर त्यांच्या घरी विचारून बघावं. ओडिशात तणसावरची अळिंबी, ‘छतु’, हे रोजचं खाणं आहे. मोहरी वाटून केलेल्या तिच्या भाजीसाठी लोक वाट बघतात, आणि म्हणूनच तिथल्या खेड्यांत तणसाच्या गाद्या लावणं टिकलं. शेजारच्या बस्तरमध्ये पहिल्या पावसाचा ‘बोडा’, ही रानअळिंबीच, मातीच्या भावाने नव्हे, चांदीच्या तोऱ्यात विकला जातो. गोव्यात ‘ओल्मी’ तशीच. बिहारचं उदाहरण तर आणखी बोलकं. तिथे अळिंबीची परंपरा म्हणावी अशी नव्हती. पुसाच्या डॉ. राजेंद्र प्रसाद केंद्रीय कृषी विद्यापीठाने पिकवायला शिकवताना समोसा, लोणचं, गुजिया, बिस्किटं करायलाही शिकवलं, आणि आज बिहार अळिंबीच्या उत्पादनात देशात आघाडीवर आहे. नुसत्या समोशाने हे झालं असं कुणी म्हणणार नाही, पण समोशाशिवाय झालं नसतं.

भंडारा जिल्ह्यातल्या बचत गटांना पुढच्या हंगामात अळिंबीचं प्रशिक्षण मिळेल तेव्हा त्यातला एक दिवस चुलीसाठी मागून घ्यावा. सावजी रस्सा करणाऱ्या एखाद्या हुन्नरी बाईला मानधन देऊन बोलवावं. तिचा तास शास्त्रज्ञाच्या तासाइतकाच कामाचा. आणि पहिल्या चार पिशव्यांचा माल विकू नये. घरी करावा, शेजारी वाटी द्यावी, वसाहतीतल्या ओळखीच्या घरी पाठवावी. दुसऱ्या तोडणीला वाटी घेऊन लोक स्वतःच येतील की नाही, ते तेव्हा कळेल. न आले तर शेड वाढवायची नाही.

घेणाऱ्यांनी विकणाऱ्याला एकच विचारावं: तोडली कधी? आज सकाळी म्हणाला तर अर्धा किलो घ्या, कागदी पिशवीत. काल संध्याकाळी म्हणाला तर पाव किलो, आणि घरी गेल्या गेल्या तव्यावर. परवा म्हणाला तर पुढे चला आणि वांगी घ्या.